मुंबईहून आलेला व्हॉल्व्हचा रेडिओ
(शब्बाथ समाप्तीनंतर प्रार्थनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले लेखन)



या व्यासपीठावरून आजवर आपल्या समाजाच्या इतिहासावर पुष्कळ व्याख्याने झाली. कोकणातील तेली, नवगावची जुनी दफनभूमी, जुने केतुबा, पलटणीत नाव काढलेले सुभेदार हे विषय आपण ऐकले आहेत. आज टेबलावर जी लाकडी पेटी ठेवली आहे, ती पाहून काहींना वाटले असेल की हा गृहस्थ आता रेडिओ दुरुस्तीचा वर्ग घेणार. थोडा वर्ग होईलच, त्याला इलाज नाही. परंतु माझे म्हणणे असे आहे की हा रेडिओसुद्धा एक दस्तऐवज आहे. आणि तो वाचायचा असेल, तर तो दुरुस्त करण्याची रीत ठाऊक असावी लागते. ज्या माणसाचा हा रेडिओ होता, त्याने मागे एकही कागद लिहून ठेवलेला नाही. त्याच्याविषयी घरात एक गोष्ट मात्र सांगितली जाते. ती गोष्ट आणि ही पेटी यांचे म्हणणे जुळत नाही, असे मला पेटी उघडल्यावर आढळले.

हा संच आपल्याच समाजातील एका कुटुंबाने आपल्या संग्रहासाठी दिला. कुटुंब मुंबईचे. १९६३ साली ते या देशात आले आणि त्यांना दिमोना येथे घर मिळाले. रेडिओ त्यांच्या सामानातून, लाकडी खोक्यात, गोधड्यांमध्ये गुंडाळून आला. देताना त्यांनी मला सांगितले, ‘जमल्यास चालू करा, नाहीतर आतले सगळे काढून टाका आणि हल्लीचा छोटा ब्लूटूथ स्पीकर बसवा, म्हणजे मुले गाणी तरी ऐकतील.’ पहिली विनंती मी मान्य केली. दुसरी केली नाही. केतुब्याचा कागद जीर्ण झाला म्हणून चौकट तेवढी ठेवून आत छापील चित्र लावावे, तसे ते झाले असते.

प्रथम वय ठरवू. आत पाच व्हॉल्व्ह आहेत. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. ही नावे म्हणजे एक लिपी आहे आणि ती शिकायला पाच मिनिटे पुरतात. पहिले अक्षर तापतंतूचा वीजदाब सांगते : ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढील अक्षरे व्हॉल्व्हचे काम सांगतात. ‘एल’ म्हणजे स्पीकरला जोर पुरविणारा, ‘झेड’ म्हणजे उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेला लावणारा. आकड्यातील ८ सांगतो की बुडाला नऊ बारीक पिना आहेत. हे व्हॉल्व्ह १९५०च्या दशकातील. पण व्हॉल्व्ह बदलता येतात, म्हणून केवळ त्यांच्यावर विसंबू नये. साच्यावर, म्हणजे ज्या खोबणीत ते बसतात त्यावर, अधिक विसंबावे. खोबण्या मूळच्याच आहेत आणि त्या नऊ पिनांच्याच आहेत. दुसरा पुरावा पुढच्या काचेचा. तिच्यावर ‘किलोसायकल’ असे छापले आहे. हाइनरिख हर्ट्झ यांचे नाव कंपनसंख्येच्या एककाला आंतरराष्ट्रीय मान्यतेने मिळाले ते १९६० साली. नंतरच्या संचांवर हळूहळू ‘किलोहर्ट्झ’ येऊ लागले. आणि तिसरा पुरावा सर्वांत गोड. चॅसीच्या पत्र्यावर आतल्या बाजूला कोणा कारागिराने शिसपेन्सिलीने, देवनागरी आकड्यांत, ‘१२-३-५९’ असे लिहून ठेवले आहे. दुरुस्ती केली की तारीख टाकायची, म्हणजे गिऱ्हाईक महिन्याभरात भांडायला आले तर उत्तर देता येते, ही मुंबईच्या दुरुस्तीवाल्यांची जुनी सवय. त्या सवयीचे आज आपल्यावर उपकार झाले.

मुंबईत हा संच काय ऐकत असेल? मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, ते एका खाजगी कंपनीचे होते. तीन वर्षांत कंपनी बुडाली, सरकारने केंद्र हाती घेतले आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. रेडिओ घरात ठेवायचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. एक छोटे पुस्तक मिळे आणि दरवर्षी पैसे भरून त्यात नोंद करून घ्यावी लागे. चाळीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी टांगलेली असे, तोच एरियल. दुसरी तार नळाला. सकाळी केंद्र सुरू होण्यापूर्वी जी सुरावट वाजे, ती आपल्यापैकी साठीच्या पुढे असलेल्या प्रत्येकाच्या कानात आजही आहे. ती सुरावट रचण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर काउफमान हे यहुदी संगीतकार होते. जन्म कार्ल्सबादचा. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ साली, ते मुंबईत आश्रयाला आले, पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले आणि १९४६पर्यंत भारतात राहिले. कोट्यवधी भारतीयांची पहाट एका निर्वासित यहुद्याच्या सुरांनी उजाडत होती, आणि आपल्या आयाआज्या त्या सुरांवर चहा ठेवीत होत्या. बहुतेकांना रचनाकाराचे नावही ठाऊक नव्हते.

आणखी एक गोष्ट पुढील तपासासाठी लक्षात ठेवावी लागेल. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा मोठी आणि चित्रपटगीतांवर रोष त्याहून मोठा. आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केले? रेडिओचे बटण फिरवून लघुलहरींवर ‘रेडिओ सिलोन’ लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ काढून सरकारने माघार घेतली, तीही आरंभी लघुलहरींवरूनच. तात्पर्य असे की त्या काळच्या मुंबईकर घरात लघुलहरींचा पट्टा हा परदेशी बातम्या ऐकणाऱ्या विद्वानांचा राहिला नव्हता; तो बुधवारी रात्री सगळ्या मजल्याचा होता.

आता पेटी उघडू. मागचा पुठ्ठा काढल्यावर मी ब्रश हाती घेतला नाही. आधी छायाचित्रे घेतली. धूळ झटकणे हे दुरुस्तीतले सर्वांत घाईने केले जाणारे काम आणि सर्वांत अधिक पुरावा नष्ट करणारे. या संचात धुळीचे दोन थर होते. खालचा थर काळपट, चिकट, तेलकट; मुंबईतल्या स्वयंपाकाच्या धुराचा आणि दमट हवेचा. त्याच्याखाली पत्र्यावर गंजाचे ठिपके आणि तांब्याच्या तारांवर हिरवा कळंक. तो समुद्राच्या खाऱ्या हवेचा. वरचा थर पिवळसर, कोरडा, पिठासारखा बारीक, तो नेगेवचा. दोन थरांमध्ये रेघ इतकी स्पष्ट की बोटाने दाखवावी. कुटुंबाचे स्थलांतर त्या चॅसीवर थरांत लिहिलेले होते.

वीज जोडण्याचे टोकही बोलके होते. मुंबईचा गोल पिनांचा प्लग कापून तेथे या देशातील प्लग बसविला होता. काम घरच्याच कोणाचे असावे, कारण भूतार जोडलेलीच नव्हती, तशीच आत मुडपून ठेवली होती. याखेरीज या देशात कोणा कारागिराने संच उघडल्याची एकही खूण आत नाही. स्क्रूच्या डोक्यांवरचे जुने लाखेचे ठिपके शाबूत होते.

ज्यांच्या घरी असा संच आहे त्यांना आता हात जोडून सांगतो : तो थेट भिंतीच्या विजेला लावू नका. हनुक्काला पाहुणे जमतात, कोणीतरी म्हणते ‘आजोबांचा रेडिओ लावून पाहू’, आणि साठ वर्षे टिकलेली वस्तू एका मिनिटात जळते. कारण असे. या संचात अडीचशे व्होल्टच्या आसपासची सरळ वीज खेळते आणि तिला आवर घालणारे कंडेन्सर म्हाताऱ्या माणसासारखे असतात. अनेक वर्षे झोपलेल्याला एकदम उठवून धावायला लावू नये. मोठ्या कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर ऑक्साइडचा सूक्ष्म थर असतो. तोच विजेला अडवतो. वापर नसला की तो थर विरतो. थोडा थोडा वीजदाब तासन् तास वाढवीत नेला तर तो पुन्हा धरतो, पुष्कळदा. या संचातील मोठ्या डब्यात दोन कंडेन्सर एकत्र होते. मी एक दिवस त्यांच्यावर घालविला, एक जागा झाला, दुसरा झाला नाही. दुसऱ्यासाठी नवा, बोटाच्या पेरापेक्षा लहान, चॅसीच्या पोटात लपवून बसविला. जुना डबा वर जागच्या जागी आहे.

प्रथम वीज द्यायची तीही दिव्यामधून. मुंबईच्या प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात एक लाकडी फळी असे, तिच्यावर साठ वॅटचा एक दिवा, आणि वीज त्या दिव्यातून वाट काढीत संचाकडे जाई. त्याला आम्ही सिरीज दिवा म्हणत असू. आत कोठे थेट जोड असेल तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो आणि संच वाचतो. ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळतो आणि मंदावतो. तारेचा दिवाच हवा; हल्लीचे एलईडी दिवे या कामाचे नाहीत. तारेचे दिवे दुकानांतून नाहीसे झाले तेव्हा मी डझनभर घेऊन ठेवले, त्याबद्दल घरात बोलणी खाल्ली.

आता अशा संचांचा खरा मारेकरी. ईबीसी ८१ व्हॉल्व्हकडून आवाजाची लहर ईएल ८४कडे जाते, ती मेण भरलेल्या कागदाच्या एका छोट्या कंडेन्सरमधून. त्याचे काम एवढेच की आवाज जाऊ द्यायचा आणि सरळ वीज अडवायची. कागद ओल धरतो. या संचातील तो कंडेन्सर सोडवून मोजला, तेव्हा दहा मेगओहमचा रोध दिसला. ऐकणाऱ्याला वाटेल, एक कोट ओहम म्हणजे जवळजवळ भिंतच की! पण हिशेब करा. त्याच्या एका टोकाला ऐंशी व्होल्ट, दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत अडुसष्ट शतांश मेगओहम. म्हणजे ईएल ८४च्या जाळीवर पाच व्होल्ट धन दाब येतो, जेथे शून्य असायला हवे. पन्नास मिलिअँपिअरच्या आसपास वाहणारी वीज त्यामुळे सत्तरवर जाते. बारा वॅट सोसण्यासाठी घडविलेला व्हॉल्व्ह पंधरा वॅट सोसू लागतो, त्याचा पत्रा लाल होतो, स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरची केसासारखी तार जळते, आणि हे सर्व होत असताना रेडिओ गात असतो! ऐकणारे खूश असतात. म्हणून कागदी कंडेन्सर वाजतात का हे न पाहता बदलावेत. मी सगळे बदलले. जुने एका पाकिटात, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून, पेटीच्या तळाशी ठेवले आहेत.

इतके झाल्यावर संच तापला, तंतू लालसर दिसू लागले. येथे एक लहानसे विषयांतर. व्हॉल्व्हच्या रेडिओबाबत शब्बाथचा प्रश्न विचारला जाई, तो केवळ ‘वीज’ म्हणून नव्हे. रामबाम यांनी तापविलेल्या लोखंडाचा विचार अग्नी पेटविण्याच्या प्रकारात केला आहे, आणि व्हॉल्व्हमध्ये खरोखरच धातू तापून लाल होतो. ट्रान्झिस्टरमध्ये लाल होणारे काही नाही, म्हणून त्याची चर्चा निराळ्या वाटेने जाते. हे मी निर्णय म्हणून सांगत नाही. तो देणारे आदरणीय या सभागृहात बसले आहेत. डोळ्यांना दिसणारी ठिणगी कोठे आहे एवढेच यंत्राच्या बाजूने सांगितले.

तर, संच तापला. स्पीकरमधून बारीक घुमणे, बाकी शांतता. बिघाड शोधताना आम्ही मागून पुढे येतो. स्पीकरपासून सुरुवात करायची आणि एकेक दालन ओलांडीत एरियलकडे जायचे. मागच्या ग्रामोफोनच्या खोबणीत बोट लावले, गुरगुर ऐकू आली. म्हणजे शेवटची दोन दालने जिवंत. लघुलहरींच्या पट्ट्यावर बटण फिरवले, काटा सरकताच दूरचे एक केंद्र सापडले. चीनचे असावे. म्हणजे जवळजवळ सर्व काही ठीक. मध्यम लहरींवर आलो. काहीही नाही. शेजारच्या देशांची अरबी केंद्रे रात्री मध्यम लहरींवर अक्षरशः कोसळत असतात, तीही नाहीत.

असा संच आलेली लहर जशीच्या तशी वाढवीत नाही. तो आत स्वतःची एक लहर निर्माण करतो आणि दोन्हींच्या अंतरावर काम करतो. केंद्र हजार किलोसायकलवर असेल तर संच आत चौदाशे पंचावन्न निर्माण करतो. उरलेले ४५५ पुढे जातात. एडविन आर्मस्ट्राँग यांनी ही युक्ती १९१८ साली, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये असताना काढली. ही आतली लहर जन्मते की नाही हे पाहण्याचे साधे साधन म्हणजे ईसीएच ८१च्या एका जाळीवरचा ऋण दाब. लघुलहरींवर तो आठ व्होल्ट भरला. मध्यम लहरींवर शून्य. व्हॉल्व्ह तोच, वीज तीच. तेव्हा दोष मध्यम लहरींच्या कॉइलमध्ये.

ती कॉइल चॅसीच्या वरच्या अंगाला आहे. भिंगातून पाहिले. केसासारखी तार जेथे पितळी टोकाला डाग देऊन जोडली होती, तेथे हिरव्या कळंकाने ती कुरतडली गेली होती आणि तुटली होती. दोन टोकांमध्ये पुरी अर्धा मिलिमीटर फट नव्हती. त्या फटीत पिवळी धूळ बसली होती. तुटल्या टोकांवरही पिवळी धूळ, आणि तिच्याखाली हिरवा कळंक.

येथे मी कथील वितळवायचे सोडून आधी त्या घरी दूरध्वनी केला. का, ते सांगतो.

त्या कुटुंबात आजोबांविषयी असे सांगतात की मुंबईहून आल्यावर ते दूरचीच केंद्रे लावून बसत. या देशाचा रेडिओ त्यांनी घरात कधी लावला नाही. मुले हिब्रू शिकत होती, शाळेत त्यांना घरी बातम्या ऐकून या असे सांगत, आणि घरात खरखर करणारे इंग्रजी, हिंदी, जे मिळेल ते. त्या काळी आमच्यासारख्यांविषयी कचेऱ्यांतून आणि शेजारांतून एक शेरा वारंवार ऐकू येई, की ही माणसे शरीराने आली, मनाने आलीच नाहीत. आजोबांच्या रेडिओची गोष्ट घरातच त्या शेऱ्याला पुष्टी देत राहिली. त्यांचा हट्ट, असे नातवंडे हसून म्हणत. त्यांची थोरली लेक मात्र हसत नसे. तिच्या मनात त्याचा सल होता.

आता पुराव्याकडे पाहू. ‘कोल इस्राएल’चे देशातील श्रोत्यांसाठीचे नेहमीचे कार्यक्रम तेव्हा मध्यम लहरींवरून होत, नव्याने आलेल्यांसाठीच्या सोप्या हिब्रूतील बातम्याही. मध्यम लहरींची कॉइल तुटलेली. केव्हा तुटली? हिरवा कळंक कोरड्या नेगेवमध्ये असा धरत नाही; तो मुंबईत धरला. पिवळी धूळ दिमोनाची. ती फटीत आणि टोकांवर आहे, म्हणजे धूळ बसण्यापूर्वी तार तुटलेली होती. मुंबईत ती दुबळी झाली आणि बहुधा प्रवासात, खोक्याच्या एखाद्या आदळण्याने, तुटली. दुसरी साक्ष लहरी बदलण्याच्या खटक्याची. त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या छोट्या पट्ट्या असतात. लघुलहरींच्या पट्ट्या घासून घासून पितळ दिसेपर्यंत झिजल्या होत्या. मध्यम लहरींच्या काळ्या पडल्या होत्या. वापरात नसलेली चांदी काळी पडते, हे घरात चांदीचा किद्दुशचा पेला असणाऱ्यांना सांगायला नको.

एक शंका कोणीही घ्यावी, मीही घेतली. ही झीज मुंबईचीच नसेल कशावरून? रेडिओ सिलोनचा बुधवार मी मघाशी सांगितला तो यासाठीच. झिजेचा पुरावा एकटा असता तर मी त्यावर काही बोललो नसतो. तो दोन्ही बाजूंनी लागतो. फटीतली धूळ मात्र एकाच बाजूने लागते. माझा निष्कर्ष असा की दिमोनाच्या घरात हा संच मध्यम लहरी पकडूच शकत नव्हता. आजोबा या देशाचा रेडिओ लावत नव्हते हे खरे. ते लावू शकत नव्हते, हे अधिक खरे. दुरुस्तीवाला नेला नाही, याचेही नवल वाटू नये. नवे गाव, पगार तोकडा, भाषा येत नाही. आणि ‘रेडिओ बंद आहे’ हे सांगता येते, ‘एक पट्टा चालतो, दुसरा चालत नाही’ हे परक्या भाषेत सांगणे कठीण.

दूरध्वनीवर ती थोरली लेक, आता त्या स्वतःच ऐंशीच्या घरातल्या आहेत, बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘भाऊ, बाबा रोज संध्याकाळी समोरच्या मोरोक्कोवाल्यांच्या दारात जाऊन बसायचे. आम्हांला वाटायचे, गप्पा मारायला जातात. त्यांची भाषा बाबांना येत नव्हती आणि बाबांची त्यांना. त्यांच्या खिडकीत रेडिओ होता.’

मी यात काही भर घालणार नाही. एवढेच आठवण करून देतो की ते दिवस कोणते होते. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी करण्याच्या सूचना काढल्या होत्या. आपली माणसे लहान मुलांसह यरुशलेममध्ये निदर्शनाला बसली ती १९६४च्या उन्हाळ्यात. त्याच ऑगस्टमध्ये, लेवी एश्कोल पंतप्रधान असताना, क्नेसेटने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व दृष्टींनी यहुदी आहेत, आणि त्यानंतर रब्बीमंडळाने सूचनांतून आपले नाव काढले. या देशात सर्वसाधारण दूरचित्रवाणी आली १९६८ साली. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये दिमोनाच्या बेने इस्राएल माणसाला आपल्याविषयी काय ठरले हे त्याच दिवशी आवाजातून ऐकायचे तर रेडिओ हाच मार्ग होता. ते आजोबा ती बातमी कोठे बसून ऐकत होते, हे पेटी सांगत नाही. पण घरात नव्हेत, हे सांगते.

आता दुरुस्तीतला कठीण भाग, म्हणजे दुरुस्ती करावी की नाही. तार सोडवून एक वेढा मोकळा करायचा, टोक खरवडायचे, कथलाचा थेंब द्यायचा : दहा मिनिटांचे काम. पण तोच तर आपला पुरावा! आठवडाभर मी तो संच तसाच ठेवला. शेवटी त्या लेकीने निर्णय दिला : ‘बाबांना जे ऐकू आले नाही ते एकदा त्यातून ऐकू द्या.’ मी भिंगातून चौदा छायाचित्रे घेतली, फटीतली धूळ चिकटपट्टीवर उचलून काचेच्या दोन पट्ट्यांत बंद केली, दिनांक घातला, आणि मग डाग दिला. जुना हिरवा तुकडा पाकिटात आहे. पेन्सिलीची तारीख पुसली जाणार नाही याची काळजी घेतली. तिच्याखाली मी माझी तारीख लिहिली, देवनागरीतच. लाकडावर नवे पॉलिश केलेले नाही. डाव्या कोपऱ्यावर चहाच्या पेल्याचे वर्तुळ उमटले आहे, ते राहू दिले आहे, जरी आमच्या प्रदर्शन समितीतील एक भगिनी त्यावर नाखूश आहेत. भूतार जोडली, कारण तेथे इतिहासापेक्षा लहान मुलांची बोटे महत्त्वाची.

येथे एक धोक्याची सूचना. ज्या संचांतील व्हॉल्व्हांची नावे ‘यू’ अक्षराने सुरू होतात, यूसीएच ८१, यूएल ८४ असे, त्यांत बहुधा वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचा पत्रा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. बटणाची प्लास्टिकची टोपी निघालेली असेल आणि बोट आतल्या लोखंडी दांडीला लागले, तर ते शेवटचे ठरू शकते. असे संच बघावेत, उघडू नयेत.

हा संच आता काय पकडतो? देशातील केंद्रे आज एफएमवर ऐकतात आणि त्या पट्ट्याची या काचेवर जागाच नाही. मध्यम लहरींवर रात्री अरबी केंद्रे येतात, उम्म कुल्सूम येतात. काचेवर दिल्ली, मुंबई, लाहोर, ढाका, सिलोन अशी नावे छापली आहेत, यरुशलेम नाही. म्हणून संग्रहात तो रोज चालू ठेवणार नाही. व्हॉल्व्हांना आयुष्य असते आणि ईबीसी ८१ आताशा सहज मिळत नाही. महिन्यातून एकदा, शब्बाथ संपल्यावर, हबदालाच्या नंतर अर्धा तास लावू. मागच्या खोबणीतून, काही न बदलता, कोणताही ध्वनी त्याच्या स्पीकरवर ऐकविता येतो; त्या कुटुंबातील मुलांसाठी गाण्यांची सोयही तशीच झाली आहे.

आता माझी मागणी. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मुंबई, पुणे, ठाणे, अलिबाग येथून आलेले रेडिओ परवान्याचे पुस्तक असेल, त्यांनी ते ग्रंथपालांकडे छायाप्रतीसाठी द्यावे. त्यावर नाव, पत्ता आणि टपाल कचेरीच्या तारखांचे शिक्के असतात. एखादे कुटुंब कोणत्या वर्षी कोणत्या चाळीत होते हे त्यावरून कळते. संच असेल तर मागचा पुठ्ठा न काढता, धूळ न झटकता, जसा आहे तसा ठेवावा आणि मला कळवावे. मी घरी येऊन पाहीन. जिना चढायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.

प्रश्न असतील तर आता घेऊ. त्याआधी कोणीतरी तो कोपऱ्यातला दिवा मालवा, म्हणजे तंतू दिसतील.